टिपणीस काकू सही करत नाहीत

डिसेंबर २००७ मधल्या एका बुधवारी बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात बातमी पसरली, की अरुणा टिपणीस सही करायला तयार नाहीत. कुणाच्या हातातला चहा वगैरे सांडला नाही. काकूंनी सही अडवणं हे तिथं पावसासारखंच होतं. वैताग यायचा, पण नवल कुणाला वाटायचं नाही.

या खेपेला मात्र वेळ वाईट होती. कंपनी हॉस्पिटलांसाठी मॉनिटर बनवायची. पेशंटच्या खाटेशेजारी राहून नाडी, श्वास, ऑक्सिजन दाखवायचे आणि काही बिनसलं तर नर्सला हाक मारायची, हे त्या यंत्राचं काम. असे साठ मॉनिटर शुक्रवारी मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलकडे रवाना व्हायचे होते. सगळ्या चाचण्या झाल्या होत्या. शेवटच्या कागदावर टेस्टिंगची एक सही तेवढी बाकी होती, आणि ती सही एकोणसाठ वर्षांच्या, राखाडी कार्डिगनमधल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या बाईंच्या पेनात अडकून पडली होती.

"अवधूत, तू बोल ना त्यांच्याशी," समर म्हणाला. समर प्रधान हा प्रोजेक्ट मॅनेजर. स्लाऊला जन्मलेला, चुणचुणीत, आणि मराठी बोलायला लागला की लिंगांचा हिशेब देवावर सोडणारा. "सात वीक्स लॉक-चेकरची एक वॉर्निंग नाही आला. झीरो! आता काय पाहिजे त्यांना? ते तुझं ऐकतील."

अवधूत बोंद्रेला मनातून बरंच वाटलं. लॉक-चेकर ही त्याचीच जहागीर होती. वय अठ्ठावीस, पुण्याहून येऊन दीड वर्ष झालेलं, बायको वैभवी ऑक्टोबरातच इकडे आलेली, आणि वर्क परमिट वाढवायचे कागद एचआरच्या टेबलावर. हे प्रोजेक्ट वेळेवर गेलं की ते कागद पुढे सरकणार, असं समरने सूचकपणे दोनदा सांगून ठेवलं होतं.

काकू खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी होत्या. आजूबाजूला सगळे पडद्यावर वाचत. या कागदावर छापून, पट्टी ठेवून, ओळीओळीने वाचत.

"काकू, एनी प्रॉब्लेम?"

"बस. हे बघ, ट्रायलला दिलेला एक मॉनिटर नोव्हेंबरात मँचेस्टरच्या वॉर्डात फ्रीझ झाला. नर्सने बंद करून चालू केला. पुढे?"

"प्लग लूज होता म्हणाले ना ते. लॉगमध्ये काहीच नाहीये."

"प्लग लूज असला तर पडदा काळा होईल रे. हिने लिहिलंय, आकडे दिसत होते पण हलत नव्हते." काकूंनी पट्टी त्या ओळीखाली सरकवली. "तुझा तो चेकर मला एकदा नीट एक्स्प्लेन कर. मी रेल्वेची सिग्नलवाली बाई, मला अर्धंच कळतं."

काकूंचं हे 'अर्धंच कळतं' फार फसवं होतं. पण अवधूतला आपला चेकर, आपला पहारेकरी, समजावून सांगायला मनापासून आवडायचं. त्याने सुरुवात केली. यंत्रात एका वेळी अनेक कामं चालतात. दोघांनी एकाच गोष्टीला एकदम हात घालू नये म्हणून कुलपं असतात. ज्याच्याकडे कुलूप, त्याने काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. आता वाटण करायचंय. एकीने खल उचलला, दुसरीने बत्ता. ही बत्त्यासाठी खोळंबली, ती खलासाठी. दोघींपैकी कुणी सोडायला तयार नाही. झालं, स्वयंपाकघर बंद! यंत्र असंच गोठतं. आणि हा योग क्वचित, लाखात एकदा येतो, म्हणून चाचणीत सापडत नाही.

"मग तुझा चेकर काय करतो?"

"तो गोठण्याची वाटच बघत नाही, काकू. कोण कुठल्या क्रमाने कुलपं घेतं ते लिहून ठेवतो. सोमवारी कुणी आधी खल मग बत्ता घेतला, आणि गुरुवारी दुसऱ्याने आधी बत्ता मग खल, तर दोघांची गाठ पडली नसली तरी तो ओरडतो, की हे दोघं एक दिवस अडकणार. जे अजून घडलंच नाही ते त्याला दिसतं!"

काकूंनी पट्टी बाजूला ठेवली. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तो शेवटचा कधी ओरडला?"

"नवीन कर्नल, म्हणजे यंत्राचा मूळ प्रोग्रॅम, घेतल्यापासून नाही. सेव्हन वीक्स."

"आणि त्याआधी?"

"आठवड्यातून एकदा तरी काहीतरी सापडायचंच."

"मग आज ओरडतो का ते बघितलंस?"

अवधूत हसला. हे मात्र अगदी काकूंसारखं झालं, त्याला वाटलं. आग लागली नाही म्हणून कुणी बंब तपासतं का? आणि वाटल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं, की बंब तेव्हाच तपासतात.

अरुणा टिपणीस या बाईंचं आयुष्य कुणी लिहून काढावं असं नव्हतं. एकाहत्तर साली लग्न होऊन नागपूरहून रेडिंगला आल्या. नवरा विष्णू बिस्किटांच्या कारखान्यात फिटर, माणूस मोठा हसरा, पण नव्व्याण्णव साली हृदयाच्या दुखण्याने गेला. बाईंनी रेल्वेच्या सिग्नल ऑफिसात नकाशे गिरवण्याचं काम धरलं. आठ वर्षं गिरवता गिरवता नकाशातल्या चुका दाखवायला लागल्या, तेव्हा साहेबाने वैतागून त्यांना तपासणीवर टाकलं. हा साहेब कॉर्नवॉलचा म्हातारा. त्याने पहिल्या दिवशी त्यांना एका सिग्नल केबिनमध्ये नेलं. तिथं माणसाच्या छातीएवढे लोखंडी दांडे एका रांगेत उभे. एक ओढला की रूळ बदलतात, दुसरा ओढला की सिग्नल पडतो. दोन गाड्या समोरासमोर येतील असे दोन दांडे एकदम ओढलेच जाऊ नयेत, म्हणून खाली लोखंडाची कुलपं. म्हाताऱ्याने विचारलं, तपासशील कसं? बाई म्हणाल्या, एकेक दांडा ओढून हलतो का बघेन. म्हातारा म्हणाला, ते कुणीही बघेल. जो हलायला नको, तो जीव खाऊन ओढ. तो हलला नाही, तर सही कर.

पुढची सोळा वर्षं बाईंनी तेच केलं. हलू नयेत असे दांडे ओढले. उजवा खांदा कायमचा धरला. नंतर ऑफिसं फुटली, माणसं कमी केली, तेव्हा पन्नाशीच्या आसपास त्या या कंपनीत टेस्टिंगला लागल्या. कर्नल म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

गुरुवारी सकाळी अवधूतने दहा ओळींचा एक मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम लिहिला. आधी खल मग बत्ता, मग आधी बत्ता मग खल. शाळेतल्या पोरालाही कळावी इतकी ढळढळीत चूक. काकू शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्याने प्रोग्रॅम मॉनिटरवर चढवला, एंटर दाबला.

काहीच झालं नाही.

त्याने पुन्हा दाबला. पडद्यावर एकही ओळ उमटली नाही. घरफोड्या दारातून आत आला, पाणी मागून प्यायला, आणि पहारेकरी स्वस्थ.

"जुन्या कर्नलवर लाव," काकू म्हणाल्या. लावला. पहारेकरी तत्क्षणी बोंबलला. म्हणजे पूर्वी चालत होतं आणि नव्यात बिघडलं होतं, एवढं नक्की झालं. अवधूतने मग एकेक भाग काढून बघायला सुरुवात केली. नेटवर्क काढलं, गप्प. आवाजाचा भाग काढला, गप्प. बाराच्या सुमाराला टचस्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे तो पडदा चालवणारा प्रोग्रॅम, काढला आणि नवा कर्नलही ओरडला.

काकू डबा घेऊन तळ्याकाठी फेरी मारायला गेल्या. अवधूत एकटाच चेकरचा कोड वाचत बसला. आणि पंधरा मिनिटांत त्याला ते सापडलं. खरं तर ते त्याने पूर्वी एकदा वाचलेलंही होतं. हा पहारेकरी फक्त एकदाच ओरडतो. एकदा गडबड दिसली, की आपल्या वहीवर यापुढे भरवसा ठेवता येणार नाही असं म्हणून तो वही मिटतो आणि यंत्र पुन्हा चालू होईपर्यंत गप्प राहतो. मुद्दाम तसाच बनवलेला आहे.

मग सात आठवड्यांपूर्वी तो काय ओरडला होता? टचस्क्रीनच्या ड्रायव्हरमध्ये एकाच जातीची दोन कुलपं एकात एक घेतली जायची. नव्या कर्नलमध्ये चेकरला ती दोन्ही एकच वाटली आणि यंत्र सुरू होताहोताच त्याने खोटी बोंब ठोकली. ती खोटी आहे हे अवधूतने तेव्हाच ताडलं होतं, आणि ते बरोबरही होतं. म्हणून त्याने रिपोर्ट बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली: ही वॉर्निंग दिसली तर सोडून द्या. चार मिनिटांचं काम. त्या दिवसापासून पहारेकरी रोज सकाळी एकदा खोटं ओरडून दिवसभर झोपत होता, आणि अवधूतची ती ओळ त्याचं एकमेव ओरडणंही पुसून टाकत होती. समरच्या झीरोचा अर्थ हा होता. सात आठवडे कुणीही काहीही तपासलं नव्हतं.

ऑफिसात कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याने ड्रायव्हरमधली दोन कुलपं चेकरला वेगळी ओळखू येतील अशी खूण केली, मॉनिटर नव्याने सुरू केला आणि नेहमीच्या चाचण्या लावल्या. चौथ्या मिनिटाला पडदा ओळींनी भरला. अलार्म वाजवणारं काम आधी अलार्मचं कुलूप घेत होतं, मग नेटवर्कचं. नर्सच्या टेबलाला निरोप धाडणारं काम नेमकं उलट. दोघांची गाठ प्रयोगशाळेत एकदाही पडली नव्हती. पडली असती ती पेशंट बिघडल्याच्या क्षणी, कारण दोन्ही कामं एकदम तेव्हाच धावतात. आकडे दिसत राहिले असते, हलले नसते, आणि अलार्म वाजला नसता.

अवधूतने त्या ओळी पुन्हा वाचल्या. यंत्रातली एक वही, जिला पेशंट म्हणजे काय ठाऊक नाही, ती चार मिनिटांत एका न झालेल्या अपघाताकडे बोट दाखवत होती. इतकी वर्षं हे काम करून त्याला आज पहिल्यांदा त्या कामाची भीती वाटली. देवळात वाटावी तशी भीती.

त्याच्या पाठोपाठ दुसरी भीती आली, ती मात्र साधीसुधी, पोटापाण्याची. ही एक गाठ तासाभरात दुरुस्त होत होती. ती ओळ गुपचूप काढून टाकता येत होती. शुक्रवारी मॉनिटर गेले असते, एचआरचे कागद सरकले असते. फक्त सात आठवड्यांचे रिपोर्ट खोटे आहेत, हे एकट्या अवधूतला माहीत राहिलं असतं. आणि सात आठवड्यांत लिहिलेल्या बाकीच्या कोडमध्ये काय दडलंय, ते कुणालाच नाही.

काकू परत आल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता. त्यांनी पडदा वाचला, पट्टीशिवाय.

"काकू, ती वॉर्निंग लपवणारी ओळ माझी आहे," तो म्हणाला. शब्द बाहेर पडल्यावर त्याला स्वतःलाच चकित व्हायला झालं.

काकूंनी ड्रॉवरमधून दोष नोंदवण्याचा फॉर्म काढला. तो भरायला बसला. 'दोषाचं कारण' या रकान्यात त्याने ती ओळ आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. 'दोष कुणी शोधला' इथं त्याने अरुणा टिपणीस लिहायला पेन टेकवलं, तशी काकूंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"मी फक्त विचारलं. शोधलास तू."

"पण काकू, केलाही मीच!"

"मग दोन्हीकडे तुझं नाव लिही. दोन्ही ट्रू आहे."

शुक्रवारी समरने फॉर्म वाचला, अवधूतकडे बघितलं, मराठी सोडून दिलं आणि इंग्रजीत पाच मिनिटं मनसोक्त बोलला. मग थकून खाली बसला. "ऑल सेव्हन वीक्स? सगळा परत?"

"सगळं परत," काकू म्हणाल्या. "आणि नोव्हेंबरचा तो फ्रीझ आपलाच होता असं हॉस्पिटलला आजच कळवायचं. ट्रायलचे परत मागवा."

समरने डोळे मिटले आणि फोन उचलला. मॉनिटर गेले नाहीत. अवधूतचे कागद एचआरने जानेवारीच्या अखेरीपर्यंत ताटकळत ठेवले. तेवढे दिवस वैभवी रोज संध्याकाळी काही न विचारता त्याचा चेहरा वाचायची. शेवटी शिक्का बसला, आणि तो समरच्या पत्रामुळे बसला हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. दरम्यान चाचण्या पहिल्यापासून चालल्या. पहारेकरी आणखी दोनदा ओरडला. दोन्ही वेळा तो खरं बोलत होता.

काकूंनी सही केली मार्चमध्ये. सहीनंतरचा त्यांचा एक रिवाज होता, तो अवधूतला तेव्हा समजला. ज्यावर सही केली ते जिथं बसवतात तिथं त्या एकदा स्वखर्चाने जाऊन येत. या वेळी त्या त्याला बरोबर घेऊन गेल्या. ट्राममधून उतरून हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. वॉर्डात एका खाटेवर एक गोरी म्हातारी उशीला टेकून बसलेली, तिच्या डोक्याशी त्यांचा मॉनिटर. हिरवे आकडे हलत होते. कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. नर्स दुसऱ्या पेशंटला पाणी देत होती.

अवधूत बघत उभा राहिला. त्या आकड्यांमागे किती कामं धावत होती, कुलपं घेत होती, सोडत होती, एकमेकांना वाट देत होती, सेकंदाला हजारो वेळा! आणि त्या सगळ्यावर एक म्हातारी विसंबून बसली होती.

म्हातारीने काकूंना विचारलं, "हे नीट चालतं ना हो, बाई? रात्री मला याचीच सोबत असते."

काकू अवधूतकडे वळल्या. "तू सांग," त्या मराठीत म्हणाल्या.

"हो," अवधूत म्हणाला. "अगदी नीट चालतं."

म्हातारीने समाधानाने मान डोलावली आणि डोळे मिटले. डिसेंबरातल्या त्या बुधवारी विचारलं असतं तरी त्याने हेच उत्तर दिलं असतं, आणि इतक्याच खात्रीने.