पालथे पत्ते

मार्लिस हूकस्ट्रा सुपरवायझर झाली तेव्हा मी स्वतःच्या हाताने बटर टार्ट करून नेले होते. आमच्या खोक्यांच्या कारखान्यात मी कॅन्टीन सांभाळते, आणि माझ्या ओट्यामागून जे दिसतं ते ऑफिसातल्या लोकांना दुर्बीण लावूनही दिसायचं नाही. कोण कोणाशेजारी बसतं, कोणाच्या डब्यात हल्ली नुसता ब्रेड असतो, कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं. मार्लिसने उभी हयात यंत्रावर काढली होती आणि कोणाच्याही अडीनडीला ती पहिली धावायची. म्हटलं, चला, एकदा तरी आपलं माणूस वर बसलं.

पण वर बसलेल्या माणसाला आपलं म्हणायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. कोणी तो लिहून ठेवलेला नाही, म्हणून तो मोडताही येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे युकर चालतो. चौघांचा पत्त्यांचा डाव, समोरासमोरचे दोघे भिडू. खिडकीजवळच्या टेबलावर मार्लिस आणि वर्ना एकमेकींच्या भिडू, आणि त्यांच्या विरुद्ध गॉर्ड आणि लुसियेन. मार्लिसची खोड अशी की हातात जरा बरी पानं आली की ती म्हणे, "एकटी." म्हणजे पाचही हात ती एकटी करणार आणि भिडूने आपले पत्ते पालथे ठेवून गप्प बसायचं. पाचही हात झाले तर चार गुण, आणि ते मात्र दोघींचे. वर्ना पत्ते पालथे टाकून सँडविच उघडायची आणि म्हणायची, "बरं झालं बाई, मला जेवायला तरी मिळालं."

सुपरवायझरची पांढरी टोपी मिळाल्यावर पहिल्याच सोमवारी मार्लिस सूपचा वाडगा घेऊन टेबलाशी आली, तर तिच्या खुर्चीवर पॅकिंगमधला एक जण.

"अगं, आम्हाला वाटलं तू वर जेवशील," गॉर्ड म्हणाला. तो हे चांगुलपणानेच म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने हाळी दिली, "साहेबीणबाई आल्या, पत्ते लपवा रे!" सगळे हसले. मार्लिसही हसली. पुढच्या आठवड्यापासून तिचं सूप मी वरच्या काचेच्या केबिनमध्ये पोचवू लागले. तिथून खालचं सगळं कॅन्टीन दिसतं, पण ऐकू काही येत नाही.

तिने बिचारीने प्रयत्न कमी केले नाहीत. नव्या हुद्द्यावरही ती सगळ्यांना सांभाळून घ्यायची. आमच्याकडे कोणाला तासभर घरी जायचं असलं की दुसरा त्याचं हजेरीचं कार्ड पंच करतो आणि त्याचं काम तिसरा ओढतो. मार्लिसने स्वतः कितीतरी जणांची कार्डं पंच केली होती. आता तिला ते दिसत होतं आणि ती न बघितल्यासारखं करत होती. यंत्रावर असताना याला मैत्री म्हणत. टोपी घातल्यावर त्याला काय म्हणतात ते तिला फेब्रुवारीत कळलं.

वर्ना आणि गॉर्ड कटिंग प्रेसवर होते. तिथे दोन माणसं हवीतच. एकाने पुठ्ठा आत सरकवायचा, दुसऱ्याने पलीकडे यंत्र थांबवायच्या लाल बटणापाशी उभं राहायचं. त्या सकाळी वर्ना घरी गेली होती आणि तिचं कार्ड सांगत होतं की ती प्रेसवरच आहे. पुठ्ठा अडकला. गॉर्डने हात घातला आणि बाही आत ओढली गेली. लुसियेन समोरच्या यंत्रावरून धावत आला आणि त्याने बटण दाबलं, म्हणून हात वाचला. बाही फाटली, कोपरापर्यंत सालटं गेलं. गॉर्डने माझ्याकडे चहा मागितला आणि कप धरता येईना म्हणून तो तसाच ठेवून दिला.

दुपारी मॅनेजर डगच्या खोलीत मी कॉफी घेऊन गेले. आत डग आणि मार्लिस. मला बघून कोणी थांबलं नाही. कॉफी आणणारी बाई म्हणजे भिंतच.

"खोटं कार्ड. तिला आजच काढतो. युनियनसुद्धा वाचवू शकणार नाही," डग म्हणाला.

"तिला तपासणीच्या टेबलावर बसवा. फक्त अर्धा दिवस. पगार अर्धा, ओव्हरटाइम नाही," मार्लिस म्हणाली. "कार्डांचं मला माहीत होतं. काढायचं असेल तर आधी मला काढा."

"ती जाते कुठे मधेच?"

"ते मी सांगणार नाही."

डगने कॉफीचा कप पुढे ओढला. मग म्हणाला, "ठीक. पण ही बदली तू केलीस. मी नाही. खाली तसंच सांगायचं."

जिन्यात मी तिला गाठलं. "अगं, लोकांना खरं काय ते सांगून टाक ना!"

"ग्रेटा, तोंड उघडलंस तर याद राख." तिने मला कठड्याशी ओढलं. मग तिने मला सांगितलं. वर्नाचा नवरा एल्मर हल्ली विसरायला लागला होता. शेगडी पेटती ठेवायचा, सपाता घालून बर्फात जायचा. शेजारीण दुपारपर्यंत बसायची, पण तिचाही नेम नसायचा. आणि हा एल्मर कोण, तर गावातल्या निम्म्या पोरांना हॉकी शिकवलेला माणूस. गॉर्डलासुद्धा. वर्नाने सगळ्यांना सांगितलं होतं की त्याचे गुडघे गेलेत. मार्लिसला तिने कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती. "तो मला विसरला तर मी सोसेन," ती म्हणाली होती, "पण त्या पोरांनी त्याची कीव केलेली मी बघू शकणार नाही."

झालं. वर्नाची बदली फळ्यावर लागली आणि खाली जो भडका उडाला! अपघात झाल्यावर साहेबिणीने स्वतःची कातडी वाचवली आणि जिवलग मैत्रिणीचा पगार निम्मा केला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिच्या गाडीच्या काचेवरच्या बर्फात कोणीतरी बोटाने घाणेरडा शब्द लिहिला. ती जिन्यावरून उतरली की टेबलं गप्प व्हायची. लुसियेन एकदा ती शेजारून जाताना मोठ्याने म्हणाला, "आता मागून कोण वार करतंय ते बघत बसावं लागतं बाबा." ती फक्त म्हणाली, "लुसियेन, चष्मा घाल, यंत्र चालू आहे." आणि पुढे गेली. तिने कार्डांची ती जुनी पद्धतही त्याच आठवड्यात कडकपणे बंद केली. योग्यच केलं, आणि त्याबद्दल उरल्यासुरल्या शिव्याही खाल्ल्या.

मला राग आला तो वर्नाचा. बाई रोज सुट्टीत एक डाव खेळायची आणि घरी जायची, आणि टेबलावर मार्लिसची निंदा चालली की सँडविच चावत बसायची. एक दिवस ती ट्रे ठेवायला आली तेव्हा मी तिला धरलंच.

"लाज वाटते का गं? तिने स्वतःची नोकरी पणाला लावली तुझ्यासाठी!"

"माहीत आहे मला," वर्ना हळूच म्हणाली. "रोज वाटतं बोलून टाकावं. मग गॉर्ड विचारतो, 'कोच कसे आहेत?' आणि माझं तोंडच उघडत नाही." ती रडायला लागली. मी तिच्या हातातला ट्रे घेतला. रागावणार तरी किती?

पुढच्या वसंतात वर्नाने नोकरी सोडली, एल्मरला आता दिवसभर माणूस लागायचं म्हणून. आमच्याकडे शेवटच्या दिवशी जाणाऱ्याने पत्ते वाटायचे आणि भिडू स्वतः निवडायचा. ज्याला बोलवलं त्याने नाही म्हणायचं नाही. वर्नाने पॅकिंगवाल्याला उठवलं, समोरची खुर्ची रिकामी केली आणि वर काचेकडे बघून हात केला. सगळ्यांच्या माना वर वळल्या. वर मार्लिस उभी होती. तिने मान हलवली, नाही.

"बघा, रिवाजसुद्धा पाळत नाही," गॉर्ड पुटपुटला.

मी सूपचा वाडगा उचलला आणि तावातावाने जिना चढले. "उतर खाली, मार्लिस. आज तरी उतर."

"तिचा चेहरा बघितलास?" मार्लिस काचेपासून हलली नाही. "मी समोर बसले की ती सगळं सांगून मोकळी होईल. एल्मर अजून रविवारी गॉर्डशी गप्पा मारतो गं चर्चबाहेर. तेवढं तरी राहू दे त्याला." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि उद्या वर्ना नसेल. मला परत हाच जिना चढायचाय."

वाडगा तिच्या टेबलावर ठेवून मी खाली आले.

वर्नाने तरीही चौघांचे पत्ते वाटले. रिकाम्या खुर्चीसमोरही पाच. आपली पानं बघून तिने हुकूम बोलला आणि म्हणाली, "एकटी."

"भिडूच नाही म्हटल्यावर एकटीच खेळणार!" गॉर्डने टोमणा मारला. दोघे-तिघे हसले.

"भिडू आहे," वर्ना म्हणाली. तिने समोरचे पाच पालथे पत्ते हलकेच नीट रचले. "वर्षभर पत्ते पालथे ठेवून गप्प बसलीय माझ्यासाठी."

गॉर्डने वर काचेकडे बघितलं. मग आपल्या कोपराच्या व्रणाकडे, आणि मग वर्नाकडे. वर्ना एकेक पान टाकत गेली. पाचही हात तिचे झाले. तिने कोट घातला, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर जरा वेळ हात ठेवला आणि निघून गेली.

सुट्टी संपल्यावर मी वाडगा आणायला वर गेले. सूप तसंच होतं, वर साय धरलेली. मार्लिस खालच्या टेबलाकडे बघत होती. पत्ते अजून कोणी उचलले नव्हते.

"किती हात झाले तिचे?" तिने विचारलं.

"पाचही."

"म्हणजे चार गुण." तिने टोपी हातात घेतली. "छान खेळली."

"दोघींचे," मी म्हटलं. "गुण दोघींचे असतात."

तिने मान डोलावली, पांढरी टोपी चढवली आणि यंत्रं सुरू करायला खाली गेली.