शब्दाच्या आधी आलेलं उत्तर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. आमच्या चिक्कडपल्लीच्या घरामागच्या चिंचेवर म्हणे कोणीतरी बसतं. मी त्याच चिंचेला दोरी बांधून धोतरं वाळवत असे. बसणाऱ्यानं कधी तक्रार केली नाही. तेव्हा हे जे लिहितोय ते भुताखेताचं नाही... कशाचं आहे, ते मात्र मला ठाऊक नाही.

पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. संस्थान गेलं, आणि आमच्या कॉलेजात उर्दूच्या जागी इंग्रजी आलं. पोरं बावरलेली, काही तर अगदी गप्प झालेली. त्या उन्हाळ्यात मी पुण्याला जाऊन मानसशास्त्राचा एक छोटासा कोर्स करून आलो, आणि घोळ तिथंच झाला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी खेळाच्या सामानाशेजारची एक खोली रिकामी करून दिली. म्हणाले, "बसा इथं, पोरांची मनं तपासा."

तपासणी सोपी होती. मी एक शब्द म्हणायचा, मुलानं मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि मध्ये किती वेळ गेला ते मी स्टॉपवॉचवर बघायचं. फार वेळ लागला, तर त्या शब्दापाशी मनात गाठ आहे असं समजायचं. शर्यतीचं स्टॉपवॉच मागून आणलं, दाराशी बालय्या शिपायाला बसवलं आणि पुण्याहून आणलेले इंग्रजी शब्द धडाधड सोडले. काही दिवसांत गंभीर चेहऱ्यानं रिपोर्ट दिला — अख्ख्या हॉस्टेलच्या मनात गाठी आहेत. 'टेबल' म्हटलं तरी पोरं घाम पुसतात!

प्रिन्सिपॉल चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "अहो हजरत, ही पोरं इंग्रजीचं उर्दू करतात, उर्दूचं मराठी करतात, मग उत्तर शोधतात आणि त्याच वाटेनं परत येतात. तुम्ही गाठी मोजताय की तर्जुमा?"

पोरांपर्यंत हे पोचलंच. माझ्या खोलीचं नाव 'पागलखाना' पडलं.

मग मी सगळे शब्द घरच्या बोलीत केले. आणि माणिक आला.

परभणीकडचा पोरगा. वर्गात तोंड उघडत नसे, पेपर कोरे देई. "डोकं ठीक असेल तर हॉस्टेलची जागा राहील," प्रिन्सिपॉल म्हणाले, "नसेल तर गावी चुलत्याकडे पाठवू. दुसरा मुलगा जागेसाठी थांबलाय." म्हणजे पोराचं शिक्षण माझ्या एका हो-नाहीवर. ज्याला टेबलात गाठ सापडली होती, त्याच्या!

दुपार होती, खिडकीत लख्ख ऊन. पहिला शब्द होता 'पाणी'. मी स्टॉपवॉचवर अंगठा ठेवला, तोंड उघडलं—

"विहीर," माणिक म्हणाला.

मी आपला सवयीनं "पाणी" म्हणून टाकलं. मग वाटलं, अरेच्चा... पुढचा शब्द 'रेल्वे'. ओठ हलायच्या आत, "काचीगुडा." मग 'मास्तर'. "छडी." शब्द मी मागाहून म्हणायचा, पण घड्याळ सुरू करावं तोवर उत्तर येऊन बसलेलं. उलटं चालणारं स्टॉपवॉच काही कॉलेजकडे नव्हतं.

पोरानं शब्द चोरून पाहिले असणार, दुसरं काय? मी कागद खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघून मनात 'कावळा' धरला. "काळा," तो म्हणाला, आणि मग मी 'कावळा' म्हटलं. मग 'सायकल'. "पंक्चर."

आता मलाच घाम फुटला. पानाचा डबा काढला आणि बोलता म्हणून येऊ नये असा भला मोठा विडा तोंडात कोंबला. मनातही काही धरायचं नाही असं ठरवून नुसता त्याच्याकडे बघत बसलो. बघू आता काय करतोस ते!

तो कितीतरी वेळ टेबलाची कड नखानं खरवडत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "नाही जायचं."

मी खिडकीतून थुंकलो. "कुठं नाही जायचं? मी काही बोललोच नाही!"

"बोललात की, सर. 'घर' म्हणालात."

"आणि आधीचे शब्द? मी बोलायच्या आधीच तू उत्तर देत होतास ना?"

"आधी कसं देईन, सर? तुम्ही हरेक शब्द दोनदा म्हणत होता. मी पहिल्यांदा ऐकला की सांगत होतो. मला वाटलं, तशीच रीत असंल."

आणि मग हा गप्प मुलगा बोलायलाच लागला. ॲक्शनच्या त्या गडबडीच्या वर्षात त्यांचं घर जळालं होतं. आई आत होती. त्याच जोत्यावर चुलत्यानं नवं घर बांधलं. "तिथं झोपायचं म्हणतात, सर... कसं झोपू?" एवढं बोलून तो टेबलावर डोकं टेकून रडला. मी हातात स्टॉपवॉच धरून उभा. ते कधी सुरू झालं होतं, तेही मला कळलं नव्हतं.

तो गेल्यावर बालय्याला आत घेतलं. "तू क्या सुना रे?"

"क्या साब, हर बात दो-दो बार बोलरे थे आप. मैं सोचा, बच्चा ऊंचा सुनता."

"और आखिर में?"

"आखिर में 'घर' बोले. वो एकीच बार."

"मुंह में पान था रे मेरे!"

"होगा साब. पर साफ बोले आप."

दोघांनी मिळून माझी गंमत केली म्हणावं, तर माणिकचं ते रडणं गमतीतलं नव्हतं. मी नकळत पुटपुटतो म्हणावं, तर बायकोला पुष्कळ दिवस कान देऊन बसवलं. ती म्हणाली, "पुटपुटत नाही तुम्ही, सरळ ओरडता." आणि विडा तोंडात असताना तर मला धड 'हूं'सुद्धा म्हणता येत नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मुलगा ठीक आहे ना?"

"ठीक आहे. त्याला फक्त घरी पाठवू नका."

"मग गडबड कुणात आहे?"

"माझ्यात असावी, साहेब."

"ते मला पहिल्या रिपोर्टातच कळलं होतं," ते म्हणाले आणि माणिकची जागा कायम केली.

माणिक पुढे वकील झाला, बरकतपुऱ्यात राहतो. सणावाराला येतो, वाकून नमस्कार करतो आणि दर वेळी विचारतो, "सर, नेमका तोच शब्द विचारायचा, हे तुम्हाला कसं कळलं? तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं."

मी म्हणतो, "अनुभव रे, अनुभव." तो समाधानानं मान हलवतो. धादांत खोटं आहे... पण त्याला तो शब्द कुणी विचारला, हे मला ठाऊक नाही, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू?