मध्येच वळणारी तबकडी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणाच्या अंगात आलं तरी मी लांब उभी राहून मनात हसायचे. या सदरातले अनुभवही करमणूक म्हणूनच वाचायचे... आणि आज माझाच लिहायला बसलेय. शिक्षण चौथीपर्यंत, शिवाय चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही, त्यामुळे चुकलंमाकलं असेल. पाठवेन की नाही, तेही अजून ठरलेलं नाही.

आधी माझ्या नादाबद्दल सांगते. मी जुनी खेळणी जमवते. बाहुल्या नाहीत – अंतराळातली खेळणी. पत्र्याचे रोबो, रॉकेटं, चंद्रावरच्या गाड्या, काचेच्या टोपीतले अंतराळवीर. माझे वडील वाशीला एका बंगल्यावर वॉचमन होते. तिथल्या साहेबांनी टाकून दिलेला चावीचा रोबो त्यांनी मला आणून दिला, तेव्हापासून लागलेला हा नाद पन्नाशी उलटली तरी सुटला नाही. तुर्भ्याच्या भंगारवाल्यांकडं ढिगात हात घालून शोधायचं, घरी आणून गंज पुसायचा, तेल द्यायचं. नातेवाईक हसायचे. हे मात्र कधी हसले नाहीत. हे म्हणजे माझे मिस्टर, मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. दसऱ्याला हे आपला पोती ओढायचा हूक पूजेला ठेवायचे, आणि मला म्हणायचे, "तुझा रोबो आण की. त्यो बी कामगारच हाय."

आम्ही उलव्याला नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलो. एक खोली आणि स्वयंपाकघर. या घरात आमच्याआधी कुणी राहिलेलं नाही, हे मुद्दाम सांगते. खिडकीतून विमानतळाचे दिवे दिसतात. "भाईर खरी इमानं, आत तुझी," म्हणून हे चिडवायचे.

माझ्याकडं एक पत्र्याची उडती तबकडी आहे. ताटलीएवढी, सेलवर चालणारी. तिच्या पोटाखाली एक वेगळं चाक आहे. ती सरळ जाते, कशाला तरी धडकली की आपोआप तोंड वळवते आणि दुसरीकडं जाते. धडकल्याशिवाय वळत नाही. या घरातही वर्षभर ती तशीच चालली.

एके दुपारी हे जेवून भिंतीला टेकून बसले होते. मी तबकडी पुसून फरशीवर सोडली. ती खोलीच्या मधोमध गेली... आणि वळली. तिथं काहीच नव्हतं. नुसती फरशी.

"शालन, तुझं इमान प्यालंय का गं?" हे म्हणाले.

पुन्हा सोडली, पुन्हा तिथंच वळली. फरशीला उतार असेल म्हणून ह्यांनी गोटी ठेवून बघितली. गोटी जागची हलली नाही. तबकडी बिघडली म्हणावं, तर तशाच चाकाची एक चांद्रगाडी होती, तीही तिथूनच वळली. बाकी सगळ्या खोलीत दोन्ही व्यवस्थित भिंतीपर्यंत जात होत्या.

ह्यांना आता मजा वाटायला लागली. "रांगोळी आण. वळंल तिथं ठिपका ठेव."

मी चारी बाजूंनी तबकडी सोडत गेले आणि ठिपके ठेवत गेले. शेवटी उभी राहून बघितलं, तर ठिपक्यांचा लांबट आकार झाला होता. एका टोकाला अरुंद, मध्ये रुंद. उजव्या बाजूला थोडा फुगवटा.

"माणूस झोपल्यासारखं दिसतंय," मी म्हणाले.

"बघू माझ्या मापाचा हाय का," म्हणून हे हसत हसत ठिपक्यांच्या आत आडवे झाले. खिडकीकडं डोकं, स्वयंपाकघराकडं पाय. तरुणपणी अंगावर पोत्यांची थप्पी पडून ह्यांचा उजवा हात मोडला होता, तो कोपरात कधी सरळ झाला नाही. ते कोपर बरोबर त्या फुगवट्यात बसलं.

ह्यांचं हसणं थांबलं. उठले, पायानंच रांगोळी फिसकटली आणि म्हणाले, "कॉट ओढ हिकडं."

आम्ही भिंतीजवळची लोखंडी कॉट ओढून त्या जागेवर आणली. त्या दिवसापासून हे कॉटवर झोपेनात; दाराशी चटई टाकायचे. मी रोज दुपारी कॉटखाली तबकडी सोडायचे. देवाचं नाव घ्यायचे... आता सरळ जाऊ दे. ती वळायचीच.

"चला, थोडे दिवस गावाला जाऊ," मी म्हणाले.

"आंब्याचा सीझन हाय. सुट्टी कोण देतंय? खेळण्याला काय कळतंय गं!"

एवढं बोलले, पण माझ्याकडं बघून बोलले नाहीत.

सीझन संपायच्या आतच ते झालं. मार्केटात गाडी खाली करताना छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मुलगी कराडहून येईपर्यंत घरी ठेवायचं ठरलं. ह्यांच्या टोळीच्या माणसांनी वर आणलं. त्यातलं कुणी आमच्या घरी पूर्वी आलेलं नव्हतं, आणि ठिपक्यांचं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. दारातून आत येताच दोघांनी कॉट उचलून भिंतीला लावली.

परक्या पुरुषांसमोर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ओरडले, "तिथं नको! तिथं ठेवू नका ह्यांना!"

त्यांचे मुकादम बापूभाऊ हळूच म्हणाले, "वैनी, मग कुठं ठेवायचं? दुसरी जागा कुठाय?"

खरंच नव्हती. खिडकीकडं डोकं, स्वयंपाकघराकडं पाय. कुणीतरी हात सरळ करायला बघितलं, तो झाला नाही. कोपर बाहेर राहिलं.

दिवसकार्य झालं, मुलगी परत गेली. मी तबकडीत नवे सेल घातले. कॉट अजून भिंतीलाच होती. तबकडी सोडली. ती मधोमध गेली... आणि पुढं गेली. थेट भिंतीला धडकली, मग वळली. चांद्रगाडीही तशीच.

मुलीला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तुला भास झाला असेल." पण मग ह्यांनाही झाला का? त्यांनी स्वतः गोटी ठेवून बघितलं होतं. मला याचा उलगडा झालेला नाही, कुणी करून देईल असंही वाटत नाही. चौथी शिकलेल्या बाईनं किती डोकं चालवायचं?

आता खोलीत फरशी मोकळीच ठेवते. हे कामावरून परत यायची वेळ झाली, की तबकडी सोडते. पूर्वी ती वळू नये म्हणून देवाला हात जोडायचे. आता एकदा, एकदाच वळावी म्हणून बघत बसते.

ती सरळ भिंतीपर्यंत जाते.