सिकंदर वाक्य विसरला तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड आहे, ते तिला ओळखणारं कुणीही सांगेल. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय एवढंच.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हेच माझं काम. आणि नाद नाटकाचा. आमच्या पिंपळे गुरवात एका शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षी हौशी मंडळींचा छोटा नाट्यमहोत्सव होतो. सगळी विनोदी नाटकं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि संवाद ऐकू यावेत म्हणून पंखे बंद. घामाघूम होऊन हसायचं. मला ते फार आवडतं. मग तिथंच मी असं का वागलो?

थांबा — आधी सिकंदरबद्दल सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. जुना दोस्त. एका वर्षी आमच्या ग्रुपनं नाटक बसवलं. मुलगी बघायला रावेतला आलेला नवरदेव, सगळ्या इमारती सारख्याच म्हणून, भलत्याच घरात शिरतो. तिथंही पाहुण्यांची वाटच बघत असतात, त्यामुळे त्याला लगेच पोहे मिळतात. नवरदेव मी होतो. दोन आठवडे तालमी केल्या. मग दिग्दर्शक म्हणाले, तुम्ही फार ओरडता राव, अशानं लग्न मोडेल. आणि भूमिका सिकंदरला दिली. जो नुसता सेटचे खिळे ठोकायला आला होता, त्याला!

मी हसून 'चालतंय की' म्हणालो. चालत नव्हतं.

प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसलो. सिकंदर छान करत होता — आणि मला ते बघवत नव्हतं. मग त्यानं पोह्यांची बशी हातात घेतली आणि थिजला. पुढचं वाक्यच गेलं. हॉल एकदम शांत. ते वाक्य मला तोंडपाठ होतं, आणि तो माझ्याकडेच बघत होता. नुसते ओठ हलवले असते तरी त्याला कळलं असतं. मी काय केलं? हसलो. मोठ्यांदा, पोट धरून — विसरला, बघा, विसरला, हे सगळ्या हॉलला कळावं म्हणून.

झालं भलतंच. लोकांना वाटलं, नवरदेव मुलगी बघून गार पडलाय. माझ्यामागून अख्खा हॉल हसला. सिकंदरनं गोंधळून पोह्यांचा बोकणा भरला — आणखी हशा. तेवढ्यात त्याला वाक्य आठवलं. पुढे कितीतरी दिवस आमच्या भागात त्याच प्रसंगाची चर्चा होती.

प्रयोग संपल्यावर त्यानं मेकअपसकट मला मिठी मारली. "भावा, तू हसलास म्हणून मी टिकलो. नाहीतर आत पळालो असतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? मी म्हणालो, "अरे, आपल्या माणसासाठी एवढं तर करणारच."

हसलो त्यापेक्षा हे बोललो ते वाईट.

तेव्हापासून तो दरवर्षी पुढच्या रांगेत माझ्यासाठी जागा धरतो. नव्या कलाकारांना माझी ओळख करून देताना सांगतो, की ऐन वेळी सावरून घेणारा माणूस म्हणजे हा. चहाचा पहिला कप मला मिळतो. आणि — खोटं कशाला बोलू? — मला मजाही येते.

यंदा त्याची मुलगी नाझनीन पहिल्यांदा रंगमंचावर आली, भाडेकरूंना छळणारी घरमालकीण म्हणून. आदल्या दिवशी तिचा फोन आला. काका, पुढेच बसा, म्हणाली, तुम्ही असलात की भीती वाटत नाही असं अब्बा म्हणतात. बसलो. ऐन रंगात आल्यावर ती थांबली, आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. विसरली? छे! कुठं थांबायचं ते तिला बरोब्बर कळत होतं — बापापेक्षा जास्त, आणि माझ्यापेक्षा तर कितीतरी. हॉल खदखदला. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

बाहेर आल्यावर सिकंदरनं माझा हात दाबला. "तिलाही तुझाच आधार, भावा."

मी मान डोलावली. पुन्हा.

त्या दिवशी मी हसलो ते सिकंदरला पाडायला. तो पडला नाही, ही त्याची करामत. माझी नाही.