वखदाकाकी आणि पांढऱ्या उंदरिणी

वखदाकाकी नवऱ्याचं नाव खुशाल घ्यायची, तेही चारचौघांत हाक मारून. पण झाडाचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नाही. "नाव घेतला काय वखदाचो गुण जाता," एवढंच सांगायची. वखद म्हणजे औषध. पेडण्याच्या आमच्या वाड्यावर एखादीला मूल होत नसलं की तिला काकीच्या दारी आणायचे. काकी कसलंसं मूळ उकळून द्यायची आणि बदल्यात फक्त एक नारळ घ्यायची. पुढे कधी त्या घरी पाळणा हलला, तर काकी आठवडाभर वाड्यातून अशी चालायची, जणू पोर हिच्यामुळेच जगात आलं. तिला स्वतःला मात्र मूल नव्हतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला लागले तेव्हा अख्खा वाडा मला डॉक्टर समजू लागला होता, आणि मीही कोणाचा गैरसमज दूर करत नव्हते. प्रकल्पाला विषय हवा होता. म्हटलं, काकीचं मूळ उंदरिणींना देऊन बघू, पिल्लं वाढतात का.

"उंदरांक?" काकी उडालीच. "शेतात कमी आसत म्हणून वाढयतंस गो?"

पण डोळे चमकले होते. गावात नव्याने आलेल्या एका डॉक्टरने तिच्या औषधाला थोतांड म्हटलं होतं, ते तिला फार लागलं होतं. त्याच्या तोंडावर टाकायला तिला पुरावा हवाच होता.

आता नाव कोण सांगणार? काकीने तोड काढली. मला डोंगरीवर नेलं, एका झुडपापाशी फतकल मारून बसली आणि म्हणाली, "माझे पाय दुखतत. तू काय ता बघ." मी फांदी मोडून वर्तमानपत्रात गुंडाळली, तोवर ती मुद्दाम दुसरीकडे बघत गुणगुणत होती. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला त्याचं नाव सांगितलं. ते मी काकीला सांगितलं नाही, आणि इथेही लिहीत नाही.

काढा मात्र तिच्याच हातचा हवा. रोज सकाळी ती बाटली घेऊन बसने म्हापशाला माझ्या कॉलेजात यायची. प्राणिघरात शिरताना देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढायची. अर्ध्या उंदरिणींना काढा, अर्ध्यांना नुसतं पाणी, हे मी तिला समजावलं.

"म्हणजे ह्यांका काय नाय?"

"फरक कळायला नको का, काकी?"

ती पाणी पिणाऱ्या उंदरिणींकडे वाकून बघू लागली. मला वाटलं, पटलं.

पिल्लांची वेळ आली तर सगळीकडे शुकशुकाट. एखाददुसरीला मोजकी पिल्लं, बाकी पिंजरे रिकामे. उंदीरच बरे नसतील, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमना वाटलं. काकी मात्र बिनदिक्कत म्हणाली, "सगळ्यांक दिलंय मी. तू बाटल्यो धुवूक गेलंस काय त्यांच्या पाण्यात ओती होतंय. दारात इल्लेल्या बाईक मी कधी रिकामी धाडूक नाय. ही काय उंदीर म्हणून?"

मी कपाळाला हात लावला. मॅडम हसल्या नाहीत. "सगळ्यांना दिलं," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि कोणालाच धड पिल्लं नाहीत?"

मी पुन्हा एकेक पिंजरा मोजायला लागले.

पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी काकी बाटली माझ्या हातात देऊन बाहेरच्या बाकावर बसायची. "आत इलंय तर हात ऱ्हवाचो नाय." अखेर पाणी पिणाऱ्या उंदरिणींचे पिंजरे गुलाबी पिल्लांनी भरले. काढा पिणाऱ्यांचे रिकामेच राहिले.

मी सारवासारव करायला लागले. "उंदीर वेगळा, माणूस वेगळा, काकी. बायकांतही असंच होईल असं नाही."

"होवचा नाय, असा सांगशीत?"

"तेही नाही सांगता येत."

"मगे?" ती पिल्लांकडे वळली. "ज्येंका झाली, त्येंका तशीय झाली असती. आणि ज्येंका नाय झाली..." तिचा हात स्वतःच्या पोटावर गेला.

काही दिवसांनी मयेहून एक सासू सुनेला घेऊन आली. मी काकीकडेच होते.

"वखद दिणंय नाय आता," काकी म्हणाली.

"अशा काय करतास? तुमच्या हाताक गुण आसा म्हणून इतक्या लांबसून इलव!"

"गुण आसा. उलटो आसा."

मग तिने लुगडं बदललं आणि त्या मुलीला स्वतः म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाली. उंबऱ्यावरून सासूला तिच्या मुलाबद्दल म्हणाली, "तुझ्या झिलाकय धाड फाटोफाट. त्याकाय तपासूक व्हया."

वाड्याने तिला वेड्यात काढलं. थोतांड म्हणणारा डॉक्टर खूश झाला, तेही तिने ऐकून घेतलं. दारी कोणी येईनासं झालं. कोणी आलीच, तर काकी तिच्याबरोबर बस पकडायची.

काकी गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी इस्पितळात तिला भेटायला गेले होते. पार वाळली होती, पण सलाईन लावणाऱ्या नर्सला माझी ओळख करून दिल्याशिवाय तिला राहवेना.

"ही आमच्या वाड्यावरची शिकलेली," ती म्हणाली. "हिणा माजा वखद बंद केल्यान."

नर्स माझ्याकडे रागाने बघायला लागली. काकीने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"बरा केल्यान गो," ती नर्सला म्हणाली.