बंडीपुरती वाट

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी सांगायला नको. बाजारात भाजीवालीनं एक वांगं जास्तीचं टाकलं, तर मी ते चारी बाजूंनी फिरवून पाहते. फुकट देऊन राह्यली म्हणजे किडकं असणार! घरचे यावर हसायचे. हसा म्हटलं. हसणाऱ्यांना कधी घराची वाट राखावी लागली नव्हती, मला लागली.

आमचं गाव जंगलाच्या कडेला, धानाचं. चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि पारावरची माणसं दिवसभर त्याच्यावरच बोलत. कोणता मुलूख कुठं गेला, कोणती हद्द कुठून निघाली. माझा जीव मात्र आमच्या घराच्या आणि शेजाऱ्याच्या मधल्या बोळात अडकला होता. घरासमोर रस्ता, घराच्या मागं सांदवाडी. बैलांचा कोठा तिथं, तणसाचा ढीग तिथं, धान साठवायचा ढोला तिथं. आणि मागं जायला वाट ही एवढीच. बैलांची बंडी त्याच बोळातून आत यायची. बाकी वाट सैल होती, पण आमच्या सपरीचा, म्हणजे पडवीचा, ओटा एका ठिकाणी बोळात पुढं आला होता. ओट्याच्या कोपऱ्यासमोर शेजाऱ्याची वई, खुंट-काट्यांचं कुंपण. त्या दोहोंच्या मधून बंडी जेमतेम निघायची. तिथं वाट आवळली की बंडी रस्त्यावर राहणार, बैल रस्त्यावर राहणार, आणि धानाचं एक एक पोतं डोक्यावरून मागं न्यावं लागणार. न्यायचं कोणी? मीच!

मळणी आटोपली की आमचे घरचे, म्हणजे माझा नवरा, दरसाल बंडी-बैल घेऊन जंगलात जात, कुपातली, म्हणजे सरकारी तोडीतली, लाकडं वाहायला. त्या साली एटापल्लीकडं कूप होता, म्हणजे होळीपर्यंत तोंड दिसायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "शेजारी वई काढून मातीची भिंत घालतो म्हणते. त्याच्या म्हशींचा कोठा टेकवायचा आहे त्याले."

"तुमी असताना काऊन नाई घालत?" मी म्हटलं.

"अवं, माणूस आपल्या सवडीनं घालन. ओट्याच्या कोपऱ्यापासून वईपर्यंत चार हात आहे. तेवढं राह्यलं पाहिजे, बस."

"लिहून घ्या त्याच्यापासून."

"शेजार आहे का कचेरी?" असं म्हणून हसले आणि दुसऱ्या दिवशी बंडी घेऊन गेले. हा माणूस असाच. कोणी गोड बोललं की याला ते खरं वाटायचं. दोघांच्या वाटचा संशय मलाच घ्यावा लागायचा.

शेजारी आमच्याहून बराच मोठा, पन्नाशीचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, त्याच्या बायकोला बाई. उंच, सावकाश बोलणारा माणूस. कधी कोणावर ओरडला असेल तर मला माहीत नाही. असा माणूस मला आधीच आवडत नाही. ज्याला राग येत नाही, तो आपला राग ठेवतो कुठं?

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी मी बाजाराला गेले, मीठ-मिरची घेऊन आले, आणि पाहते तो वई नाही! वालाच्या वेलांनी फुगलेली, दोन माणसांच्या जाडीची वई, तिचा पत्ता नाही. खुंटांचे खड्डे बुजवलेले, जमीन फावड्यानं सारखी केलेली. बोळ एकदम मोठाच्या मोठा दिसत होता, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. आता वई कुठं होती हे कोण सांगणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोक्यावरचं टोपलं ओट्यावर आदळलं आणि तिथूनच ओरडले, "अवो भाऊ, घरी माणूस नाई हे पाहूनच काढली का वई? बाजाराचाच दिवस सापडला तुमाले?"

तो बाहेर आला. हात पुसत पुसत, सावकाश. "वाळवी लागली होती, बाई. पाया कुठी खणला आहे मी? तुमी माप सांगा, तिथून खणतो."

"चार हात. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यापासून."

"चार तर चार. मी कुठी नाई म्हणलं? पण दोन माणसांसमोर होऊ द्या, म्हणजे मागून किरकिर नको."

पाहा, किती साळसूद! त्यानंच पारावरून गावातल्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून आणलं. गल्लीतल्या दोन-चार बायका आपोआप आल्या. शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मी पदर खोचून कोपऱ्याशी उभी.

"मंग, मोजू?" शेजारी म्हणाला आणि त्यानं सदऱ्याची बाही कोपराच्या वर चढवली सुद्धा. आमच्याकडं हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. घर, धानाची बांधी, खाट, धोतर, सगळं त्याच मापानं.

"तुमी?" मी म्हटलं. "तुमी कायले? तुमी बोट आखडलं तर कोण पाहून राह्यलं? माझ्या घरची वाट आहे, मीच मोजीन."

"मोजा," तो म्हणाला आणि बाही खाली केली.

मी जमिनीवर बसले. कोपर ओट्याच्या कोपऱ्याला टेकवलं, बोटं ताठ केली, दुसऱ्या हातानं खूण धरली. एक. दोन. सगळे बघत होते, पण मला लाज वाटत नव्हती. उलट वाटत होतं, बघा, नवरा घरी नसला तरी हिला कोणी फसवू शकत नाही. तीन. चार. शेजाऱ्यानं काडीनं तिथं रेघ ओढली.

"पक्कं ना, बाई?"

"पक्कं."

"पाहा भाऊ, बाईनं सोताच्या हातानं मोजलं," तो म्हाताऱ्यांना म्हणाला. त्यांनी माना डोलावल्या, विड्या पेटवल्या आणि परत राज्याच्या हद्दींकडं गेले.

दुसऱ्या दिवशी पाया खणला, आणि बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, माती येऊन पडली. मातीची भिंत एकदम उभी राहत नाही. माती भिजवायची, त्यात तणीस टाकायचं, पायांनी तुडवायचं, आणि हातभर उंचीचा एक थर घालून चार-पाच दिवस वाळू द्यायचा. मग त्याच्यावर दुसरा. म्हणजे माझ्या संशयालाही थराथराला नवीन जागा मिळाली. मी ओट्यावर सूप घेऊन बसायचे, तांदूळ निवडायचे, आणि डोळ्यांत तेल घालून भिंतीकडं पाहायचे. पहिल्या थराला वाटलं, खाली बरोबर ठेवून वरून भिंत आमच्याकडं कलवतील. म्हणून मी दगडाला सुतळी बांधून ओळंबा सोडून पाहिला. भिंत सरळ होती. दुसऱ्या थराला वाटलं, आमच्या अंगानं लिंपताना जाड थर मारतील. मी म्हटलं, आमच्या बाजूनं मीच लिंपीन, तुमचा हात इकडं लागू देऊ नका. "बरं," शेजारी म्हणाला. नुसतं "बरं"! भांडायला काही सापडूच देईना.

आणि प्रत्येक थराला मी मोजायचे. कोपर टेकवून, बोटं ताठ करून. एक, दोन, तीन, चार. बोटभरही फरक नाही. शेजारी म्हशीला चारा टाकता टाकता विचारायचा, "भरले का, बाई?"

"भरले."

तिसऱ्या थराला शेजारणीनं वाडगंभर झिंग्याची भाजी आणून दिली. मी वाडगं हातात धरून उभी. ही आज काऊन देऊन राह्यली? रोज तर देत नाही! कुठंतरी पाणी मुरतंय. तिला मी सरळ विचारलं, "काही सण आहे का, बाई?" ती बिचारी गोंधळली, म्हणाली, "नाई, तलावात मिळाले जास्ती." भाजी मी खाल्ली. फार सुंदर होती, आणि त्याचाही मला राग आला.

पाचव्या थरापर्यंत मात्र माझा जोर ओसरला. किती दिवस कोणी रागात राहील? भिंत सरळ, माप बरोबर, माणूस शांत. मला माझीच लाज वाटायला लागली. एवढ्या चांगल्या शेजाऱ्याला आपण चार माणसांसमोर बोट आखडणारा म्हटलं! वाडगं रिकामं कसं परत करायचं म्हणून त्यात लाखोळीची डाळ घालून दिली, आणि आमच्या बाजूनं भिंत इतकी मन लावून लिंपली, की आमच्या घराची तशी कधी लिंपली नसेल. पलीकडं कोठा झाला. भिंतीला लागून गव्हाण झाली. म्हशी आल्या.

होळीच्या पाच-सहा दिवस आधी दुपारी घुंगरांचा आवाज आला आणि मी हातातलं काम टाकून रस्त्यावर धावले. आमची बंडी! बैल वाळले होते, घरचे काळे पडले होते. बैलांना वाट ठाऊक, हाकायची गरज नाही. ते आपोआप बोळाकडं वळले. मी पुढं पुढं चालत होते, काय काय सांगू असं झालेलं. आणि मागं एकदम कचकन आवाज. बंडी अडकली. एका बाजूनं चाक ओट्याला घासत होतं, दुसऱ्या बाजूनं कण्याचं टोक भिंतीत रुतलं होतं.

हे खाली उतरले. भिंतीकडं पाहिलं, ओट्याकडं पाहिलं. "अवं, चार हात म्हणलं होतं ना?"

"चारच आहे! मी मोजलं. दर थराले मोजलं. विचारा कोणालेही!"

ते वाकले आणि आपला हात टेकवला. एक, दोन, तीन. आणि मग अर्धा. साडेतीन. मी म्हटलं, व्हा बाजूला, तुम्हाला मोजता येत नाही. मी बसले. एक, दोन, तीन, चार. वर पाहिलं. ते माझ्याकडं पाहत होते. त्यांनी माझा हात उचलला, आपल्या हाताला लावला, कोपराला कोपर. माझं बोट त्यांच्या बोटाच्या तीन बोटं अलीकडं संपलं.

एका हातामागं तीन बोटं. चार हातांमागं बारा. अर्धा हात गेला होता, आणि तो मी मोजून दिला होता.

अव माय! मी तिथंच मातीत बसून राहिले. एवढी मी शहाणी! ओळंबा सोडला, लिंपण पाहिलं, झिंग्यांवर संशय घेतला. जगात सगळ्यांचा संशय घेतला, एक माझा हात तेवढा सोडून.

दुसऱ्या दिवशी तेच दोन म्हातारे बसले. शेजारी सावकाश म्हणाला, "माझं काय म्हणणं आहे? बाईनं मोजलं, बाई पक्कं म्हणली. मी तर माझा हात पुढं केला होता, बाईनंच नाई म्हणलं." खरं होतं. शब्द न् शब्द खरा. म्हातारे म्हणाले, भिंत वाळली, कोठा झाला, आता पाडून शेजार मोडायचा का? मला म्हणायचं होतं, तुम्हीही तिथंच होता ना विड्या फुंकत, तुम्हाला दिसलं नाही का? पण तोंड उघडायला जागा कुठं होती? आमचे घरचे म्हणाले, "राहू द्या. चूक आमच्याकडूनच झाली."

मग आमचाच ओटा फोडला. अर्धा हात. सपरीचा कोपऱ्याचा खांब आत घेतला, छपरावरचे कवेलू उतरवले. ओट्यावर मी जिथं सूप घेऊन बसायचे, ती जागाच गेली. घरचे कुदळीनं माती पाडत होते आणि मधूनच मला म्हणायचे, "मोज वं, झाला का अर्धा?" आणि हसायचे. त्यांना खरंच हसू येत होतं. मला रडू येत होतं.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी विहिरीवर शेजारीण भेटली. दुपारची वेळ, दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्याशी बोलत नव्हते. तिनं पाण्याचा गुंड भरला, पण उचलला नाही. तशीच उभी राहिली.

"मी त्यायले म्हणलं होतं," ती खाली पाहून म्हणाली, "का तिचा हात आखूड आहे, तुमीच मोजून द्या."

माझा दोर हातातच राहिला. "मंग?"

"ते म्हणले, मी माझा हात पुढं केला का ती नाईच म्हणन. संशयी बाई आहे. सोताच मोजायले बसन."

मी तिचा दंड धरला. "हे चार माणसांत सांगाल, बाई? आत्ता? माझ्यासोबत चला!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतंच. "सांगन," ती म्हणाली. "मंग मी राहू कुठी?"

मी तिचा दंड सोडला. तिचा गुंड उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि ती गेली. घरी आले तेव्हा हे ओट्याचा फोडलेला भाग शेणामातीनं सारखा करत होते. मला पाहून त्यांनी आपला हात कोपरापासून ताठ करून दाखवला आणि हसले. मीही हसले. पुढं आयुष्यभर, पाहुणे आले, जावई आले, की ते ही गोष्ट सांगायचे, बायकोनं आखूड हातानं वाट कशी मोजली ती. सगळे हसायचे. ते गेले तोपर्यंत त्यांना वाटत होतं की चूक माझ्या हाताची होती. मी वाटू दिलं.