फुटलं नाई, उललं

काका आधी बोट वाकवून ठोकायचे. बादली असो, टोपलं असो, पाण्याचा जग असो. बाजारात टरबूज पाहावं तसं कान लावून, डोळे मिटून ठोकत आणि मग, नुसती चीर गेली असेल तर, म्हणत, "फुटलं नाई. उललं."

रायपूरच्या तात्यापाऱ्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसत. पुढ्यात कोळशाची सिगडी, तिच्यात टोकाला चपट्या केलेल्या दोन सळ्या, मागं मोडक्या प्लास्टिकचा ढीग. तापलेल्या सळीनं प्लास्टिक वितळवून ते चिरा सांधत. अशा सांध्याला डाग म्हणतात, म्हणून लोक त्यांना डागवाले म्हणत. मीही एकदा तशी हाक मारली, तर म्हणाले, "डागवाला नको म्हणू पोट्टी. लोकाईले वाटन, मी बदनाम आहो!"

तुम्हीही पाहिलं असेल असं कोणीतरी. आपण बादली देतो, बादली घेतो, आणि माणसाकडे नीट पाहायचं राहून जातं. माझं राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरचे ते दिवस वाईट होते. बाबा राईस मिलमध्ये हमाली करत. पोत्यांच्या थप्पीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं अंग गेलं. मी तेव्हा बारावीत होते. पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. एक तर इतकी खोल, की आई मला ती पाहू देत नसे. डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून सांगितलं, अंग रोज पाण्यात ठेवून स्वच्छ करा, पाठीवरचा भार उतरवा. जखम हाडापर्यंत गेली तर माणूस हाती लागणार नाही. पाण्यात ठेवा म्हणजे कुठं ठेवा? आमची न्हाणी म्हणजे एक माणूस उकिडवा बसला की भरली.

आई चौबे कॉलनीत स्वयंपाकाला जायची. त्याच सुमारास नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि भोपाळहून साहेबलोकांच्या सामानाचे ट्रक येऊ लागले. आईच्या साहेबांच्या ट्रकमध्ये एक पांढरा प्लास्टिकचा बाथटब होता. वाटेत कपाटाखाली दबून त्याच्या तळाला हातभर चीर गेलेली. मालकीणबाई म्हणाल्या, "ले जाओ, हमारे तो काम का नहीं रहा." राजधानी आमच्या घरी आली ती एवढीच.

टब सायकलरिक्षात आडवा टाकून आईनं आणि मी तात्यापाऱ्यात नेला. काकांनी ठोकलं. आईचा जीव खालीवर.

"फुटलं नाई बाई. उललं. उललेलं सांधता येते."

मग त्यांनी टबाच्या काठाची नखाएवढी कपची काढली, जाळली आणि वास घेतला. "मेणबत्तीचा वास येऊन राहिला. याले याच्याच जातीचं लावावं लागते. प्लास्टिकमंदी जात पाह्यल्याशिवाय चालत नाई. माणसात पाहाचं काही काम नसते, तर तिथं सारे पाहून राहिले!"

मी कॉलेजात नाव घातलं होतं, हे आईनं त्यांना सांगितलंच. आई ते सगळ्यांना सांगायची, भाजीवाल्यालासुद्धा. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय शिकून राहिली?"

"बीएस्सी."

"मंग सांग बीएस्सी, चीर पुढं काहून सरकते?"

त्यांनी बारीक सळी लाल केली आणि चीर जिथं संपत होती, नेमकं तिथं एक गोल भोक पाडलं. आई दचकली. चांगल्या जागी भोक!

"भ्या नका बाई. चिरेचं टोक धारदार असते, ते वाट काढत जाते. गोल भोकात आली का तिले पुढची वाट सापडत नाई. आधी थांबवाचं, मंग सांधाचं."

पुढं दुसऱ्या वर्षाला हेच मला पुस्तकात सापडलं. ताण चिरेच्या टोकाशी साठतो, भोक पाडलं की तो पसरतो. मी मुद्दाम पायरीवर जाऊन त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "हव. म्हणजे पुस्तकवाल्याईले बी मालूम आहे."

काम झालं की त्यांची एक परीक्षा असे. टब दोन विटांवर ठेवायचा, खाली सिगडीतली कोरडी राख पसरायची, टब काठोकाठ भरायचा आणि बसून राहायचं. एक थेंब पडला तरी राखेवर काळा ठिपका उमटतो. त्या दिवशी टबाबरोबर घरी येऊन आमच्या अंगणात काका अर्धा तास राखेकडे पाहत बसले. आईनं केलेलं पिठलं त्यांनी तिथंच खाल्लं, नजर खालीच. राख कोरडी राहिली.

आईनं आणि मी बाबांना चादरीत धरून टबात उतरवलं. कोमट पाणी छातीपर्यंत आलं. पडल्यापासून बाबा हसले नव्हते. त्यांनी दोन्ही हात जमीनदारासारखे काठावर टाकले आणि म्हणाले, "पाहा, मी मालगुजार झालो!"

जखमा भरत गेल्या. ती खोल जखमसुद्धा एक दिवस आईनं मला बोलावून दाखवली. तिथं नवी गुलाबी कातडी आली होती.

अडीच वर्षांनी, माझ्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर, टबाचा कोपराच गेला. तुकडा निघाला आणि हातात भुगा झाला. काकांनी ठोकलं. पुन्हा ठोकलं. त्यांनी डोळे उघडले, पण त्यांचं ते नेहमीचं वाक्य आलं नाही.

"बाबांची पाठ कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगली आहे. पण काका, दोन दिवस पाण्याविना गेले की लाल होते."

त्यांनी ढीग उपसला. एवढा मोठा, त्या जातीचा तुकडा त्यात नव्हता. "उललं," ते हळूच म्हणाले. "ठेवून जा इथं."

तिसऱ्या दिवशी ते स्वतः टब घेऊन आले. पांढऱ्या टबाच्या कोपऱ्यात दीड वीत निळं ठिगळ. मी पदवीच्या उंबरठ्यावर आलेली, मला तेव्हा फार कळत होतं. मी म्हटलं, "काय हे काका, पांढऱ्यावर निळं? कसं दिसते!"

"पाण्याले दिसत नाई पोरी," ते म्हणाले आणि राख पसरायला लागले. त्यांना तुकडा कुठं मिळाला, हे मी विचारलं नाही.

मी पास झाले. आमच्या सगळ्या खानदानात पदवी घेणारी पहिली. पेढे घेऊन पायरीवर गेले, तर काकांनी बोट वाकवून माझ्या डोक्यावर ठोकलं, कान लावला, डोळे मिटले. "ठणठणीत! इथं माह्यं काही काम नाई."

बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. सकाळी चहा मागितला, आई चहा घेऊन येईपर्यंत गेले. त्यांना शेवटची आंघोळ घातली ती त्याच टबाजवळ. आंघोळ घालणारे म्हणाले, सात-साडेसात वर्षं पडून असलेल्या माणसाची पाठ अशी आम्ही पाहिली नाही. टब आईनं टाकू दिला नाही. तो अंगणात भिंतीला उभा राहिला.

मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. शहर बदलत गेलं, बंद दुकान पाडून तिथं काचेचं दुकान आलं आणि पायरी गेली. काका कुठं बसतात ते पाहू एकदा, असं मी म्हणत राहिले. गावातल्या गावात राहूनही माणूस किती लांब राहू शकतो, ते मी करून दाखवलं. एका उन्हाळ्यात सदर बाजारात कोणीतरी सहज सांगितलं, "अरे वो डागवाले? उनको गए तो तीन महीने हो गए, दीदी."

पत्ता विचारत गेले. गल्लीच्या टोकाला एक खोली. काकूंनी मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "पांढरा टब." त्या लगेच म्हणाल्या, "बीएस्सी का? ये, बैस."

दाराशी एक निळा ड्रम होता, पिण्या-वापरण्याच्या पाण्याचा. त्याच्या पोटाला, बरोबर मध्यावर, दीड वीत चौकोनी खिडकी कापलेली. पाणी खिडकीच्या खालपर्यंतच.

मी खिडकीच्या काठावरून बोट फिरवलं. काकू म्हणाल्या, "अर्धाच भरते. नळ एकदाच येते ना, उन्हाळ्यात पुरत नाई. मी भांडत होती, काहून कापला म्हणून. तर म्हणे, दोघाईले किती पाणी लागते? उद्या लावतो, उद्या लावतो म्हणत राहिले. लोकाईची बादली आली, का आमचा ड्रम मागं."

"इतकी वर्षं?"

"मंग? त्याईचा उद्या कधी आलाच नाई."

पाण्याला दिसत नाही म्हणाले होते. मला तरी दिसायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी आणि आई टब घेऊन गेलो. काकूंनी खाटेखालून सिगडी आणि सळ्या काढून दिल्या. मी ते निळं ठिगळ कापून काढलं आणि गरम पाण्यात नरम करून ड्रमला वाकवलं. खिडकीच्या एका कोपऱ्यातून चीर निघाली होती. आधी तिच्या टोकाला भोक पाडलं. मग सांधत गेले. हात दोनदा भाजला, सांधा ओबडधोबड झाला, काका हसले असते. ड्रम विटांवर ठेवला, खाली राख पसरली आणि नळ आल्यावर काठोकाठ भरला.

आम्ही तिघी अर्धा तास बसून होतो. राख कोरडी राहिली.